व्यापार धोरणातून गरिबी कमी करायची तर कामाला सुरुवात कुठून करावी

गरिबी कमी करण्यासाठी व्यापार धोरण आखायला बसलेली मंडळी बहुधा पहिल्याच दिवशी आयात शुल्काचा तक्ता उघडतात. पाच-सहा हजार ओळी, प्रत्येक ओळीला एचएस कोड (जगभर वापरला जाणारा मालाचा वर्गीकरण क्रमांक), कोडापुढे टक्का. मग कोणता टक्का किती खाली आणायचा यावर दिवस जातो. हा तक्ता तिसऱ्या टप्प्यावर लागतो, तोवर मिटून ठेवा. आधी कुटुंबांच्या खर्चाचं सर्वेक्षण हवं आणि त्यानंतर बंदरापासून लांबच्या गावबाजारापर्यंतच्या किमतींची वही.

आधी कुटुंबाचा जमाखर्च

सर्वेक्षणातली तळाची ४० टक्के कुटुंबं वेगळी काढा. प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूसाठी दोन आकडे लागतात: एकूण खर्चाच्या किती टक्के ती वस्तू कुटुंब विकतं आणि किती टक्के वापरतं. विक्रीतून वापर वजा करा. उत्तर ऋण आलं तर कुटुंब त्या वस्तूचं निव्वळ खरेदीदार, धन आलं तर निव्वळ विक्रेतं. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी १९८९ मध्ये थायलंडच्या तांदळावर हीच रीत वापरली आणि आजही पहिला अंदाज काढायला ती पुरते.

समजा एका कुटुंबाच्या खर्चात मक्याचा वाटा ४० टक्के आहे आणि मका विकून मिळणारे पैसे खर्चाच्या १० टक्के भरतात. फरक उणे ३०. मका १० टक्क्यांनी स्वस्त झाला तर या कुटुंबाला खर्चाच्या साधारण ३ टक्क्यांइतका फायदा, महाग झाला तर तेवढाच तोटा. घरी पिकवून घरीच खाल्लेला मका दोन्ही बाजूंना सारखाच धरायचा, म्हणजे तो आपोआप कटतो. नवखे लोक तो फक्त उत्पन्नात धरतात आणि सगळं गाव विक्रेतं दाखवून मोकळे होतात.

शेतकरी म्हणजे विक्रेता, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अर्धा-एक एकरवाला शेतकरी सुगीला कर्ज फेडायला धान्य विकतो आणि चार-सहा महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावानं विकत घेतो. सर्वेक्षण फक्त सुगीच्या महिन्यात झालेलं असेल तर त्याची दुसरी बाजू दिसतच नाही. म्हणून वर्षभर पसरलेलं सर्वेक्षण शोधा. नसेल तर निदान सुगीचे आणि टंचाईचे महिने वेगळे मांडा. सरासरीवरही विसंबू नका, कारण शून्य सरासरीखाली अर्धे बुडणारे आणि अर्धे तरणारे लपलेले असू शकतात.

इंडोनेशियानं २००४ मध्ये शेतकऱ्यांच्या नावानं तांदळाची आयात बंद केली. फेब्रुवारी २००५ ते मार्च २००६ या काळात तांदूळ जवळपास एक-तृतीयांश महागला आणि गरिबीचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून १७.७५ टक्क्यांवर गेलं. इंधन दरवाढीचाही त्यात हात होता, पण त्यासाठी सरकारनं रोख मदत वाटली होती.  तिथली बहुसंख्य गरीब कुटुंबं, खेड्यातलीसुद्धा, तांदूळ विकत घेणारी आहेत. वरचं गणित एकदा केलं असतं तरी हे आधी कळलं असतं.

तिसरा रकाना मजुरीचा. भूमिहीन मजूर धान्याचा खरेदीदार असतो, पण भाव वाढल्यावर शेतीतली मजुरीही वाढली तर वर्ष-दोन वर्षांत त्याचं पारडं उलटू शकतं. म्हणून गणित दोनदा करायचं: एकदा फक्त किमतींचं, दुसऱ्यांदा मजुरी धरून. दोन्ही उत्तरं अहवालात ठेवा. मंत्र्यांना एकच आकडा हवा असतो, तरीही.

बंदरापासून गावापर्यंत

आता किमतींची वही. बंदरात किंवा सीमेवर १०० एककांना उतरणाऱ्या वस्तूवर ३० टक्के शुल्क आहे. वाहतूक, हमाली, दलाली मिळून आणखी ५० लागतात. म्हणजे गावात भाव १८०. शुल्क १० टक्क्यांवर आणलं, तर सगळी बचत खाली पोचली तरी गावातला भाव १६० होतो, म्हणजे घट ११ टक्के. टिपणांमध्ये मात्र सर्रास ‘किंमत २० टक्क्यांनी कमी होईल’ असं लिहिलेलं असतं. बचतीपैकी निम्मीच झिरपली तर भाव १७० आणि घट साडेपाच टक्के. मघाच्या कुटुंबाला २० टक्के घट धरून ६ टक्के फायदा दाखवला असता. प्रत्यक्षात तो पावणेदोन टक्क्यांच्या आत राहतो.

झिरपण मोजायची तर चार ठिकाणचे आठवडी भाव लागतात: बंदर, मोठा घाऊक बाजार आणि दोन लांबचे गावबाजार. निदान दोन-तीन वर्षांचे. जागतिक भाव किंवा विनिमय दर हलल्यावर गावातला भाव किती आठवड्यांनी आणि किती हलतो ते पाहा. वाढ लगेच पोचते आणि घट अडकून राहते असं दिसलं, तर मधे कोणीतरी बसलं आहे. मेक्सिकोत शुल्क कपातीचा लाभ अमेरिकेच्या सीमेलगतच्या उत्तरेकडच्या राज्यांना जास्त मिळाला, दक्षिणेकडच्या गरीब राज्यांपर्यंत तो विरत गेला.

झिरपण कमी असेल तर शुल्काआधी दुरुस्ती इतरत्र करायची. आयात परवाने किती जणांकडे आहेत हे पाहा. दोन-तीनच नावं निघाली तर शुल्क कपात म्हणजे सरकारी तिजोरीतून त्यांच्या खिशात सरळ बदली. ट्रक संघटना भाडं ठरवून घेतात का, वाटेत किती नाके आहेत, प्रत्येक नाक्यावर किती द्यावं लागतं, हे एका ट्रकबरोबर एक फेरी करून लिहून काढा. या एका फेरीतून जे कळतं ते महिनाभराच्या बैठकांतून कळत नाही.

आता तक्ता उघडा

गरीब कुटुंबं वापरतात त्या वस्तूंची यादी हातात ठेवून तक्ता वाचायचा. टक्क्याऐवजी किलोमागे किंवा नगामागे रक्कम ठरवलेलं शुल्क पहिल्यांदा शोधा. चपलेच्या जोडामागे २० एकक शुल्क असेल, तर १०० च्या जोडावर ते २० टक्के बसतं आणि ४०० च्या जोडावर ५ टक्के. कागदावर एकच दर, पण स्वस्त माल घेणाऱ्यावर चौपट बोजा. अशा ओळी टक्केवारीत बदलणं हे कमी खर्चाचं आणि सहसा कमी विरोधाचं काम आहे. आयातदार किंमत कमी दाखवतात म्हणून नगामागे शुल्क ठेवलं आहे, असं सीमाशुल्क विभाग सांगेल. तक्रार खरी असते. त्यावर उपाय म्हणून कमी किमतीच्या मालासाठी वेगळी, हलकी पायरी ठेवता येते.

मग गरिबांच्या उत्पादनात लागणाऱ्या वस्तू: खत, बियाणं, फवारणी पंप, सायकलचे सुटे भाग, शिलाई यंत्र, मासेमारीची जाळी. इथे मूळ शुल्क शून्य किंवा पाच टक्के दिसतं आणि लोक पुढची ओळ बघतात. थांबा. त्यावर अधिभार, उपकर, सांख्यिकी शुल्क, तपासणी शुल्क, बंदर आकार बसतात का, याची बेरीज करा. अनेक ठिकाणी ही बेरीज मूळ शुल्काहून मोठी निघते आणि व्यापार मंत्रालयाला तिची कल्पनाही नसते, कारण त्या रकमा पाच वेगवेगळी खाती वसूल करतात.

देश सीमाशुल्क संघात, म्हणजे बाहेरच्या मालाला एकच शुल्क लावणाऱ्या देशांच्या गटात, असेल तर टक्का एकट्यानं हलत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास संघानं २०१५ पासून समान बाह्य शुल्काचे पाच पट्टे ठेवले आहेत: ०, ५, १०, २० आणि ३५ टक्के. अशा वेळी वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात हलवण्याचा प्रस्ताव संघाकडे न्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी सुरू करा. उलट दिशेनं, म्हणजे शुल्क वाढवायचं असेल, तर जागतिक व्यापार संघटनेत देशानं मान्य केलेला कमाल दर तपासा. प्रत्यक्ष दर आणि हा कमाल दर यांत अंतर असेल तेवढी मोकळीक नियमात बसते.

महसुलाचा प्रश्न टाळू नका. गरीब देशांच्या तिजोरीत आयात शुल्काचा वाटा मोठा असतो, आणि ती तूट दवाखान्याच्या किंवा शाळेच्या तरतुदीतून निघाली तर कुटुंबाला एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतलं जातं. बड्या कंपन्यांना दिलेल्या शुल्कमाफींची यादी मागवा. पुष्कळदा भरपाईचे पैसे तिथेच असतात.

गरिबांचं पीक बाहेर कसं जाईल

निर्यातीवरची बंधनं हा गरिबांवरचा न दिसणारा कर आहे. निर्यात कोटा, निर्यात कर, एकाच सरकारी मंडळानं करायची खरेदी, कृत्रिमरीत्या चढवून ठेवलेला विनिमय दर: या सगळ्यांमुळे शेतकऱ्याच्या हातात येणारा भाव खाली राहतो. व्हिएतनामनं १९९० च्या दशकात तांदळाच्या निर्यातीवरचा कोटा सैल केला. १९९३ ते १९९८ मध्ये तांदळाचा भाव इतर वस्तूंच्या तुलनेत ३० टक्क्यांच्या आसपास वाढला आणि ग्रामीण भागात मुलांचं कामाला जाणं घटलं. तिथे जमिनीचं वाटप बरंच समान होतं, म्हणून तांदूळ विकणारी कुटुंबं गरिबांमध्येही भरपूर होती. ही अट विसरून व्हिएतनामची नक्कल करू नये.

याच औषधानं मोझांबिकमध्ये काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे. १९९० च्या दशकात, जागतिक बँकेच्या आग्रहानं, कच्च्या काजूवरची निर्यातबंदी आधी करात बदलली आणि मग तो कर टप्प्याटप्प्यानं १४ टक्क्यांवर आला. हिशेब सोपा होता: कच्चा काजू मोकळेपणी बाहेर गेला की शेतकऱ्याला भाव मिळेल. पण शेतकरी आणि जहाज यांच्यामध्ये व्यापाऱ्यांची साखळी होती आणि बाहेरच्या किमतीचा मोठा भाग तिथेच मुरला. कच्चा काजू घेणारा ग्राहकही जवळजवळ एकच देश, भारत. त्यामुळे विक्रेत्याला घासाघीस करायला जागा नव्हती. नुकतेच खासगी झालेले प्रक्रिया कारखाने कच्च्या मालाअभावी बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर मांडलेल्या हिशेबात काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा फायदा वर्षाला जेमतेम ५ डॉलर निघाला.

कर कमी करण्यात मूळ चूक नव्हती, क्रम चुकला. असा निर्णय घेण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: शेताच्या बांधावर निर्यात किमतीच्या किती टक्के पोचतात, परदेशात खरेदीदार किती आहेत, आणि प्रक्रियेतले कामगार पर्यायी काम कुठे शोधतील. पहिला आकडा निम्म्याच्या आत असेल तर आधी गावपातळीवर खरेदीदार वाढवा, वजनकाटे आणि रोजचे भाव उघडे करा, गोदामं बांधा.

सवलतीचा दरवाजा आणि त्याचा उंबरठा

श्रीमंत देश अल्पविकसित देशांच्या मालाला शून्य शुल्कानं प्रवेश देतात. युरोपीय संघाची योजना २००१ पासून शस्त्रं आणि दारूगोळा सोडून सगळ्या मालाला लागू आहे. तरीही निर्यातदार पूर्ण शुल्क भरून माल पाठवताना दिसतात, कारण माल खरोखर त्या देशात बनला हे सिद्ध करण्याच्या अटी जाचक असतात.

कापडाचं उदाहरण घ्या. युरोपात शून्य शुल्क हवं तर पूर्वी दोन प्रक्रिया देशात व्हाव्या लागत: कापड विणणं आणि कपडा शिवणं. बांगलादेशात सूत आणून होजिअरीचं कापड विणलं जात होतं, पण शर्ट-पँटचं कापड बाहेरून येई, म्हणून त्याला सवलत मिळत नसे. जानेवारी २०११ पासून अल्पविकसित देशांसाठी नुसती शिलाई पुरेशी मानली गेली. वाटाघाटीला जाताना दर मागण्यापेक्षा असा नियम मागणं जास्त कामाचं, विशेषतः जिथे दर आधीच शून्य आहे.

नियम मिळाला तरी घरची यंत्रणा लागते. बांगलादेशच्या कपडा उद्योगाला दोन साध्या सोयींनी वर काढलं. बाँडेड गोदाम: निर्यातीसाठी आणलेलं कापड शुल्क न भरता साठवता येतं. आणि बॅक-टू-बॅक एलसी: परदेशी ग्राहकाच्या ऑर्डरचं पतपत्र (एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) तारण ठेवून कापड आयात करता येतं, त्यामुळे भांडवल नसलेला कारखानदारही उभा राहतो. आधी शुल्क भरा आणि मग परतावा मागा, ही पद्धत कागदावर सारखीच दिसते. पण परतावा आठ-दहा महिने अडकला की लहान कारखाना बसतो.

सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते हेही हिशेबात धरा. मादागास्करमध्ये २००९ ला सत्तापालट झाला, अमेरिकेनं १ जानेवारी २०१० पासून त्याची शुल्कसवलत काढून घेतली आणि ती परत मिळाली २०१४ मध्ये. मधल्या काळात कपडा कारखान्यातल्या कामगारांना, ज्यांत स्त्रिया बहुसंख्य, नोकऱ्या गमवाव्या लागल्या. एकाच बाजारावर उभा केलेला रोजगार असा एका सहीनं जातो.

दर्जाच्या निकषांचा उंबरठा वेगळा. थेट खाण्याच्या शेंगदाण्यात युरोपीय संघ एकूण अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारं विष) किलोमागे ४ मायक्रोग्रॅमपर्यंतच चालवून घेतो. इथे प्रयोगशाळा बांधण्याआधी ताडपत्र्या वाटा. जमिनीवर वाळवलेल्या शेंगांना बुरशी धरते. शेंगा जमिनीपासून उचलून वाळवल्या, दाण्यातली ओल ७-८ टक्क्यांवर आणली आणि फुटके, सुरकुतलेले दाणे हातानं निवडून काढले की बराच माल पास होतो.

सीमेवर डोक्यावरचा माल

लहान सीमांवर टोपलीत टोमॅटो, अंडी, कापड घेऊन रोज ये-जा करणाऱ्या बायका हा कित्येक आफ्रिकी देशांत गरिबांचा खराखुरा निर्यात व्यापार आहे. त्यांच्या मालाला पुष्कळदा शून्य शुल्क असतं, पण ते त्यांना माहीत नसतं. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या कोमेसा या व्यापार संघानं यासाठी सोपी पद्धत केली: ठरावीक रकमेच्या आतला (सुरुवातीला ५०० डॉलर) आणि दोन देशांनी मिळून ठरवलेल्या यादीतला माल असेल तर एकपानी अर्ज आणि सीमेवरच मिळणारा दाखला.

ही पद्धत बसवताना मालाची यादी आणि द्यायच्या रकमा स्थानिक भाषेत मोठ्या फलकावर लावा, फलक कचेरीच्या आत नको. अर्ज भरून द्यायला दलालाऐवजी पगारी मदतनीस बसवा. पैसे घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या अंगावर नाव-क्रमांक असू द्या. आणि आरोग्य दाखला फक्त राजधानीत मिळत असेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे: तीस डॉलरच्या मालासाठी कोणी दोन दिवसांचा प्रवास करत नाही, ती चोरवाटेनं जाते आणि तिथे लुटली जाते.

तोटा होणारे आधी मोजा

भारतात सरासरी आयात शुल्क १९९० मध्ये ८० टक्क्यांच्या वर होतं, १९९६ पर्यंत ३७ वर आलं. देशात गरिबी घटत राहिली, पण ज्या ग्रामीण जिल्ह्यांतले उद्योग या कपातीला जास्त सामोरे गेले तिथे ती इतरांपेक्षा हळू घटली, असं अर्थशास्त्रज्ञ पेटिया टोपालोवा यांच्या अभ्यासात दिसलं. लोक गाव सोडून नव्या धंद्याकडे फारसे गेले नाहीत. ब्राझीलमध्ये तर १९९० च्या शुल्क कपातीचा मार खाल्लेल्या प्रदेशांत अधिकृत नोकऱ्यांची कमाई वीस वर्षं मागे पडत राहिली. म्हणजे पाच वर्षांत सगळं स्थिरावेल हे गृहीतक टिपणातून काढून टाका.

कपात करायच्या वस्तू कुठल्या जिल्ह्यात बनतात याचा नकाशा काढा आणि तिथल्या रोजगारातला त्यांचा वाटा लिहा. पहिल्या दहा जिल्ह्यांसाठी मदत कपातीच्या आधी सुरू झाली पाहिजे. मेक्सिकोनं अमेरिका आणि कॅनडाशी झालेल्या १९९४ च्या मुक्त व्यापार कराराबरोबर मका वगैरे पिकांच्या शेतकऱ्यांना हेक्टरमागे रोख रक्कम सुरू केली. ती विक्रीवर अवलंबून नव्हती, म्हणून घरापुरतं पिकवणाऱ्यालाही मिळाली. खोट एवढीच की जास्त हेक्टर, जास्त पैसे. शिवाय मक्यावरच्या शुल्काची १५ वर्षांची सावकाश कपात करारात लिहिली होती, पण सरकारनंच शुल्कमुक्त आयातीच्या कोट्यापेक्षा जास्त मका शुल्काविना येऊ दिला.

टंचाई येण्याआधीचं काम

जागतिक भाव भडकले की निर्यातबंदीची मागणी हमखास येते. प्रत्येक देश आपापला दरवाजा लावतो आणि सगळ्यांसाठी भाव आणखी चढतो. २००६ ते २००८ मध्ये तांदळाच्या जागतिक भाववाढीतला सुमारे ४५ टक्के भाग देशांनी स्वतःला वाचवण्यासाठी केलेल्या अशा उपायांमुळे आला, असा अर्थशास्त्रज्ञ विल मार्टिन आणि किम अँडरसन यांचा अंदाज आहे. घाईत बंदी घालावी लागू नये म्हणून शांततेच्या काळातच नियम ठरवून राजपत्रात छापा: देशातला घाऊक भाव मागच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या किती वर गेला की आयात शुल्क आपोआप शून्य होईल, आणि तळाच्या कुटुंबांच्या खात्यात किती रक्कम किती दिवसांत जाईल. लाभार्थ्यांची यादी आणि खाती तयार नसतील तर हा नियम कागदावरच राहील.

कपात एका फटक्यात न करता तीन हप्त्यांत करा, तारखा आधी जाहीर करा. पहिल्या हप्त्यानंतर किमतींची वही दर आठवड्याला चालू राहू द्या. सहा महिन्यांनी बंदरातला भाव उतरलेला आणि गावबाजारातला जागेवर असेल, तर दुसरा हप्ता रोखा आणि आयातदारांची यादी मागवा.